व्हिडिओ पॉडकास्टचा सातबारा कोणाच्या नावावर? प्लॅटफॉर्म निवडण्याआधी हे वाचा

मुंबई उपनगर : अंधेरी पश्चिमेला तासाच्या भाड्याने मिळणारे पॉडकास्ट स्टुडिओ आता बरेच झालेत. दोन खुर्च्या, दोन माईक, दोन-तीन कॅमेरे आणि मागे रंगीत उजेड. तासाचे पैसे मोजायचे, गप्पा मारायच्या आणि निघताना रेकॉर्डिंग घेऊन जायचं. ही हवा आता उपनगरापुरती राहिलेली नाही. शहापूर, मुरबाड, वाडा, जव्हारकडची पोरंही मोबाईल स्टँडवर लावून गावातल्या जाणत्या माणसाला बोलतं करायला लागलीत. उपनगरातही सगळे टॉवरच आहेत असं नाही. आरेतले पाडे, गोराई-मनोरी, वेसावे, मढ इथेही सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

कॅमेरा कोणता, माईक कोणता, यावर लोक महिनाभर चर्चा करतात. रेकॉर्डिंग झाल्यावर ते ठेवायचं कुठे आणि लोकांपर्यंत न्यायचं कसं, हा प्रश्न मात्र दोन मिनिटांत निकालात निघतो. ‘टाका की यूट्यूबला!’ हे उत्तर चुकीचं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं कळलं नाही तर वर्ष-दोन वर्षांची मेहनत एका रात्रीत हातची जाऊ शकते, आणि तशी ती नावाजलेल्या लोकांचीही गेलेली आहे.

गोदाम वेगळं, बाजार वेगळा

कांदा काढला की शेतकरी दोन गोष्टींचा विचार करतो. चाळीत किती दिवस ठेवायचा आणि कोणत्या बाजारात न्यायचा. चाळ आपली असते, बाजार दुसऱ्याचा असतो. व्हिडिओ पॉडकास्टचंही तसंच आहे. मूळ फाईल जिथे साठवली जाते आणि जिथून ती लोकांच्या मोबाईलवर पोचते, त्या साठवणुकीला होस्टिंग म्हणतात. ती फाईल वेगवेगळ्या ॲपवर दिसणं, लोकांना सापडणं, हे झालं वितरण.

यूट्यूबवर ही दोन्ही कामं एकाच ठिकाणी होतात, त्यामुळे फरक लक्षात येत नाही. पॉडकास्टची जुनी पद्धत मात्र दोन्ही वेगळी ठेवण्याचीच आहे. ‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ साली एका इंग्रजी वर्तमानपत्रातल्या लेखात पहिल्यांदा छापून आला. २००५ मध्ये ॲपलने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केली आणि हा प्रकार जगभर पसरला. त्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे, तिचं नाव आरएसएस फीड.

फीड म्हणजे इंटरनेटवरचा एक कायमचा पत्ता. त्या पत्त्यावर एक यादी असते. कार्यक्रमाचं नाव, चित्र, प्रत्येक भागाचं शीर्षक, तारीख आणि त्या भागाची फाईल कुठे ठेवली आहे ते. नवा भाग आला की यादीत एक ओळ वाढते. ॲपलसारखी ॲप ती यादी ठरावीक वेळाने वाचतात आणि नवा भाग आपल्या श्रोत्यांना दाखवतात. फाईल ॲपलकडे नसते, ती तुमच्या होस्टिंगवरच असते. त्यामुळे एक ॲप उद्या बंद पडलं तरी यादी आणि माल दोन्ही शिल्लक राहतात, दुसरं ॲप तीच यादी वाचतं.

यूट्यूब अशी फीड तुम्हाला काढून देत नाही. तिथे टाकलेला भाग तिथेच राहतो. ॲपलवर किंवा दुसरीकडे न्यायचा असेल तर वेगळी सोय करावी लागते. प्लॅटफॉर्म निवडताना पहिला मुद्दा हाच.

आधी बघा, ऐकणारा कुठे आहे

एक उदाहरण धरून चालू. समजा, शहापूर तालुक्यातल्या चार तरुणांनी पाण्यावर व्हिडिओ पॉडकास्ट काढायचं ठरवलं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी भातसा आणि तानसा याच तालुक्यात. मुलुंड-घाटकोपरच्या नळाला हे पाणी येतं आणि तलावाच्या तालुक्यातल्या गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. धरणात जमीन गेलेली जुनी माणसं अजून आहेत, त्यांना बोलतं करायचं आहे. आता हा कार्यक्रम ऐकणार कोण?

एक श्रोता गावातलाच. त्याच्याकडे मोबाईल आहे, दिवसाचा डेटा मोजका आहे, रेंज टेकडीवर गेलं की येते. तो संध्याकाळी ओट्यावर बसून व्हिडिओ बघेल, पण जड फाईल अडकली की सोडून देईल.

दुसरा श्रोता मूळचा गावचाच, पण आता मुलुंड, घाटकोपर किंवा बोरिवलीत राहणारा. सकाळी साडेआठच्या लोकलमध्ये त्याला मोबाईल डोळ्यासमोर धरायला जागा नसते. एका हाताने कडी धरलेली, मोबाईल खिशात आणि कानात इअरफोन. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोतही गर्दीच्या वेळी हेच चित्र. हा माणूस बघणारा नाही, ऐकणारा आहे.

आता इथे एक बारीक गोष्ट आहे. यूट्यूबच्या नेहमीच्या ॲपवर प्रीमियमचे पैसे भरलेले नसतील तर स्क्रीन बंद केली की आवाजही बंद होतो. स्पॉटिफायवर किंवा ॲपल पॉडकास्टवर मोबाईल खिशात टाकूनही फुकटात ऐकता येतं. म्हणजे फक्त यूट्यूबवर राहिलात तर लोकलमधला हा श्रोता बराचसा गेला.

डेटाचा हिशोबही करून बघा. एक तासाचा नुसता आवाज ६४ केबीपीएसने ठेवला तर साधारण २९ एमबी होतो. गप्पांसाठी एवढा दर्जा पुरतो. तोच एक तास व्हिडिओ सेकंदाला १ मेगाबिट या हलक्या वेगाने बघितला तरी ४५० एमबी जातात. पंधरा पटींहून जास्त. दिवसाला दीड जीबीचा पॅक मारणाऱ्यासाठी हा फरक लहान नाही. म्हणून व्हिडिओ पॉडकास्ट काढणाऱ्यानेही आवाजाची वेगळी आवृत्ती ठेवायलाच हवी. ‘अमुक तमुक’ किंवा ‘व्हायफळ’ सारखे मराठी पॉडकास्ट यूट्यूबवर दिसतात आणि ऑडिओ ॲपवरही ऐकायला मिळतात, ते याचसाठी.

कोणत्या प्लॅटफॉर्मचं काय

यूट्यूब : बघणाऱ्यांची सगळ्यात मोठी गर्दी इथे. पॉडकास्ट बघणारे-ऐकणारे महिन्याला १०० कोटींवर गेल्याचं यूट्यूबने २०२५ च्या सुरुवातीला जाहीर केलं. साठवणुकीला पैसे नाहीत. मोबाईल नंबरने खातं पडताळून घेतलं की १५ मिनिटांहून मोठे व्हिडिओ टाकता येतात आणि एक व्हिडिओ १२ तासांपर्यंत चालतो. एक काम मात्र अनेक जण विसरतात. सगळे भाग एका प्लेलिस्टमध्ये घालून त्या प्लेलिस्टला ‘पॉडकास्ट’ अशी खूण करायची. मग तो कार्यक्रम यूट्यूब म्युझिकमध्येही पॉडकास्ट म्हणून दिसतो. तोटा आधी सांगितलाच, माल तिथून बाहेर जात नाही, आणि कोणाला काय दाखवायचं ते यूट्यूब ठरवतं.

स्पॉटिफाय : ‘स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स’ या सोयीत फुकट होस्टिंग मिळतं, व्हिडिओही टाकता येतो आणि आरएसएस फीडही मिळते. व्हिडिओ मात्र स्पॉटिफायच्या ॲपवरच दिसतो, फीडवाटे बाहेर आवाज जातो. सुरुवात करणाऱ्याला ही सोय बरी पडते. पहिला भाग टाकल्यावर एकदा स्वतः दुसऱ्या ॲपवर जाऊन तो तिथे पोचला का, हे तपासून घ्या. वाटेत काही सेटिंग राहिलं तर महिनोन्‌महिने कळत नाही.

पैसे घेणारी होस्टिंग : लिबसिन ही २००४ पासूनची जुनी कंपनी, शिवाय पॉडबीन, बझस्प्राउट अशा अनेक. इथे वर्गणी भरावी लागते, बहुतेक ठिकाणी डॉलरमध्ये. बदल्यात फीड तुमच्या ताब्यात राहते, किती जणांनी भाग उतरवला ते नीट कळतं आणि एकाच ठिकाणाहून ॲपल, स्पॉटिफाय, ॲमेझॉन म्युझिककडे कार्यक्रम जातो. काही कंपन्या फक्त आवाज घेतात, काही व्हिडिओही घेतात, ते आधी विचारावं. वर्गणी थांबली तर फाईलचं काय होतं, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. कापूस विकून आलेल्या पैशात एक वर्ष भरलं आणि दुसऱ्या वर्षी पाऊस गेला, असं आपल्याकडे होतं.

ॲपल पॉडकास्ट : हे होस्टिंग नाही, हा बाजार आहे. तिथे फीडचा पत्ता नोंदवायचा, बाकी काम ॲप करतं. कार्यक्रमाचं चित्र चौकोनी लागतं, कमीत कमी १४०० बाय १४०० पिक्सेल आणि जास्तीत जास्त ३०००. खेड्यात आयफोन कमी असले तरी उपनगरात आणि परदेशातल्या आपल्या माणसांकडे ते आहेत.

फेसबुक आणि इन्स्टाग्राम : इथे तासभराचा भाग फार कमी लोक बघतात. तासातलं एक मिनिट, तेही उभ्या चौकटीत, असं तोडून टाकलं तर लोक थांबतात. यूट्यूबच्या शॉर्ट्सला ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत मुभा आहे. या तुकड्यांकडे जाहिरातीचा फलक म्हणून बघा. पूर्ण भाग कुठे आहे, हे तुकड्यातच बोलून सांगितलं पाहिजे.

व्हॉट्सॲप : गावात खरं वितरण इथेच होतं. ग्रामस्थ मंडळाचा ग्रुप, बचत गटाचा ग्रुप, मुंबईकर मंडळींचा ग्रुप. व्हिडिओ थेट टाकला की त्याचा दर्जा घसरतो, म्हणून लिंक टाका. ज्यांना लिंक उघडणं जमत नाही त्यांच्यासाठी आवाजाची २०-३० एमबीची फाईल सोबत द्या. मात्र फॉरवर्ड होत गेलेल्या फाईलला मालक राहत नाही. चार ग्रुप पुढे गेल्यावर ती कोणाची, कुठली, कधीची, हे कळत नाही. उपाय सोपा आहे. प्रत्येक भागाच्या पहिल्या दहा सेकंदांत कार्यक्रमाचं नाव, गाव आणि तारीख तोंडाने बोला.

स्वतःची वेबसाईट : मोठी नको. स्वतःच्या नावाचं एक डोमेन घेऊन एक पान केलं, त्यावर सगळ्या भागांची यादी आणि लिंक ठेवल्या तरी पुरे. लोकांना तोच पत्ता सांगायचा. उद्या प्लॅटफॉर्म बदलला तर लिंक बदलायची, पत्ता तोच राहतो. दरवर्षी डोमेनचं नूतनीकरण तेवढं विसरू नका.

बाजार उठतात, हे विसरू नका

आज जे प्लॅटफॉर्म पक्के वाटतात ते उद्या असतीलच असं नाही. गेल्या काही वर्षांतलीच उदाहरणं बघा.

२९ जून २०२० ला केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी पोरापोरींनी तिथे प्रेक्षक जमवला होता. बंदीनंतर तो प्रेक्षक सोबत नेता आला नाही. ज्यांनी मूळ व्हिडिओ जपून ठेवले होते, त्यांनी दुसरीकडे नव्याने सुरुवात केली. ज्यांनी ठेवले नव्हते, त्यांच्याकडे काहीच उरलं नाही.

गुगलने २०१८ मध्ये गुगल पॉडकास्ट नावाचं ॲप काढलं आणि २०२४ मध्ये बंद करून लोकांना यूट्यूब म्युझिककडे जायला सांगितलं. ज्यांच्याकडे स्वतःची फीड होती त्यांचा कार्यक्रम दुसऱ्या ॲपवर चालूच राहिला. अँकर नावाची फुकट होस्टिंगची सोय २०१९ मध्ये स्पॉटिफायने विकत घेतली, २०२३ मध्ये तिचं नाव ‘स्पॉटिफाय फॉर पॉडकास्टर्स’ झालं आणि २०२४ मध्ये ‘स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स’. नाव बदललं, चेहरा बदलला, तरी फीड असलेल्यांचं फारसं बिघडलं नाही.

उपनगरातलं उदाहरण गोरेगावचं. २०१६ मध्ये गोरेगावच्या चित्रनगरीत, व्हिसलिंग वूड्स संस्थेच्या आवारात यूट्यूबने आपला ‘यूट्यूब स्पेस’ सुरू केला. ठरावीक सबस्क्रायबर असलेल्यांना तिथे सेट, कॅमेरे आणि प्रशिक्षण मिळायचं. २०२१ मध्ये यूट्यूबने जगभरातल्या अशा जागा कायमच्या बंद करायचं ठरवलं, त्यात मुंबईची जागाही गेली. कंपनी फसवत होती असं नाही. तिचा हिशोब बदलला की सोय बदलते, एवढंच. आपला सगळा धंदा त्या सोयीवर उभा असू नये.

चॅनेल हॅक झालं तर

बंद पडण्यापेक्षाही जवळचा धोका चोरीचा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांचं ‘आपली आजी’ हे पाककृतींचं चॅनेल टाळेबंदीच्या वर्षात लोकप्रिय झालं आणि ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक झालं. काही दिवसांनी ते परत मिळालं, तोवर घरच्यांचा जीव टांगणीला लागला. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबईच्या रणवीर अलाहाबादियाची दोन यूट्यूब चॅनेल हॅक झाली. नावं बदलली गेली, व्हिडिओ दिसेनासे झाले. ती चॅनेलही नंतर पूर्ववत झाली. पण ज्याचे दोन हजार सबस्क्रायबर आहेत त्याची दाद इतक्या लवकर लागेल का, हा विचार ज्याने-त्याने करावा.

ही चोरी होते कशी, हे गुगलच्याच सुरक्षा पथकाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितलं होतं. ‘तुमच्या चॅनेलवर आमची जाहिरात करा’ असा ईमेल येतो. सोबत एखादं सॉफ्टवेअर किंवा फाईल असते. ती कॉम्प्युटरवर उघडली की लॉगिन झाल्याची खूण चोरीला जाते. मग चोराला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. त्यामुळे दोन टप्प्यांची पडताळणी चालू ठेवाच, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. अनोळखी जाहिरातदाराची फाईल चॅनेल चालवतो त्या कॉम्प्युटरवर उघडायचीच नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळला पाहिजे.

सातबारा कोणाच्या नावावर?

आता सगळ्यात महत्त्वाचं. जमीन कसतो कोण आणि सातबारावर नाव कोणाचं, यावरून गावोगाव भांडणं आहेत. पॉडकास्टमध्येही हेच होतं.

स्टुडिओत रेकॉर्डिंग केलं की अनेकदा स्टुडिओवाला म्हणतो, ‘अपलोडही आम्हीच करून देतो.’ काम सोपं होतं, म्हणून लोक हो म्हणतात. चॅनेल त्याच्या ईमेलवर उघडलं जातं, फीडमध्ये त्याचाच ईमेल जातो. पुढे पैशावरून बिनसलं, स्टुडिओ बंद झाला किंवा तो मुलगा नोकरी सोडून गेला की चावी कोणाकडे, हे कळत नाही. गावातही ‘आमच्या भाच्याने चॅनेल काढून दिलं’ असं असतं. भाचा शिकायला पुण्याला जातो आणि पासवर्ड त्याच्या जुन्या मोबाईलसोबत जातो.

यासाठी पाच गोष्टी पहिल्याच दिवशी करून ठेवाव्यात.

१. कार्यक्रमाच्या नावाने नवा ईमेल काढा. त्याला जोडलेला मोबाईल नंबर गटातल्या जबाबदार माणसाचा असावा आणि तो रिचार्जअभावी बंद पडू देऊ नये.

२. यूट्यूबवर दुसऱ्याला पासवर्ड द्यावा लागत नाही. सेटिंगमधून त्याला मॅनेजर किंवा एडिटरचा हक्क देता येतो आणि काम संपल्यावर काढूनही घेता येतो. मालकी आपल्याकडेच राहते.

३. आरएसएस फीडमध्ये ईमेल कोणाचा आहे ते बघा. कार्यक्रम तुमचाच आहे हे सिद्ध करताना प्लॅटफॉर्म त्या ईमेलवर कोड पाठवतात. तिथे स्टुडिओचा ईमेल असेल तर कागदोपत्री मालक स्टुडिओ ठरतो.

४. रेकॉर्डिंगची मूळ फाईल, कापलेली फाईल आणि आवाजाची फाईल, तिन्ही त्याच दिवशी ताब्यात घ्या. स्टुडिओशी व्यवहार करताना हे एका कागदावर लिहून घ्या.

५. पाहुण्याची संमती घ्या. कॅमेऱ्यासमोरच ‘हे बोलणं अमुक कार्यक्रमात दाखवायला माझी हरकत नाही’ असं म्हणून घेतलं तरी चालेल. जमिनीच्या, धरणाच्या, भाऊबंदकीच्या गोष्टी निघतात तेव्हा पुढे वाद व्हायला वेळ लागत नाही.

होस्टिंग बदलता येतं, हेही माहीत असू द्या. नवीन ठिकाणी सगळे भाग आणायचे आणि जुन्या होस्टिंगकडून जुन्या पत्त्यावर ‘नवा पत्ता असा’ अशी पाटी लावून घ्यायची. ॲप ती पाटी वाचतात आणि श्रोते आपोआप नव्या पत्त्यावर येतात. ही पाटी निदान चार आठवडे तरी राहू द्यावी. जे होस्टिंग अशी पाटी लावून देत नाही, तिथे सुरुवातच करू नये.

जागा आणि वेळेचा हिशोब

फुल एचडी, म्हणजे १०८० पी व्हिडिओसाठी यूट्यूब सेकंदाला ८ मेगाबिटची शिफारस करतं. त्या हिशोबाने एक तासाची फाईल ३.६ जीबी होते. घरच्या इंटरनेटचा अपलोडचा वेग ५ मेगाबिट असेल तर ती चढायला ९६ मिनिटं लागतात. २ मेगाबिट असेल तर चार तास. तालुक्याच्या गावात लाईट कधी जाईल याचा नेम नसताना हे कठीण जातं. उपाय दोन. एक म्हणजे ७२० पी मध्ये काढा, मोबाईलवर बघणाऱ्याला गप्पांमध्ये फरक जाणवत नाही. दुसरा म्हणजे गटातला कोणी मुलुंड-बोरिवलीत राहत असेल आणि त्याच्याकडे चांगली फायबर लाईन असेल तर चढवायचं काम त्याला द्या. पण मॅनेजर म्हणून.

एक तासाचे ५० भाग म्हणजे १८० जीबी. एक टीबीच्या हार्डडिस्कमध्ये अडीचशेहून जास्त तास बसतात. अशा दोन डिस्क घ्या, एक गावात आणि एक मुंबईत ठेवा. यूट्यूबवरून आपलाच व्हिडिओ परत उतरवला तर तो मूळ दर्जाचा मिळेलच असं नाही, त्यामुळे ‘यूट्यूबला आहे की’ म्हणून मूळ फाईल पुसू नका.

पैशाचं काय?

यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला सध्या १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास बघितलं गेलेलं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यू. त्याआधीचा एक टप्पा ५०० सबस्क्रायबरचा आहे, त्यात मेंबरशिपसारख्या सोयी उघडतात पण मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचा वाटा मिळत नाही. तो वाटा सुरू झाला की ५५ टक्के आपल्याला, बाकीचे यूट्यूबला.

४,००० तास म्हणजे किती? तासाच्या भागातली सरासरी १५ मिनिटं एक माणूस बघतो असं धरलं तर १६,००० वेळा बघितलं जायला हवं. एका तालुक्यापुरत्या विषयाला हे वर्षभरात अवघड आहे, अशक्य नाही. पण त्याच्या भरवशावर कर्ज काढून कॅमेरा घेऊ नये. तालुक्यातलं कृषी सेवा केंद्र, रोपवाटिका, दुधाची डेअरी यांची छोटी जाहिरात लवकर जमते. पैसे घेऊन जाहिरात केली असेल तर तसं स्पष्ट सांगा, यूट्यूबवर त्यासाठी वेगळी खूणही करावी लागते.

गाण्यांबाबत सांभाळा. भागाच्या सुरुवातीला लोकप्रिय कोळीगीत किंवा सिनेमाचं गाणं लावलं तर यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते आणि त्या भागाची कमाई गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकते. हक्कभंगाच्या तक्रारीवरून ९० दिवसांत तीन स्ट्राईक बसले तर चॅनेलच जाऊ शकतं. त्यापेक्षा गावातल्या ढोलकीवाल्याला किंवा तारपा वाजवणाऱ्याला बसवा, त्याचे पैसे द्या, त्याची परवानगी घ्या आणि आपली स्वतःची धून करा.

मग कोणी काय निवडावं?

नुकती सुरुवात करणाऱ्याने : व्हिडिओ यूट्यूबवर, आवाज स्पॉटिफायच्या फुकट होस्टिंगवर, तिथून मिळालेली फीड ॲपलला नोंदवायची. खर्च शून्य. गावच्या ग्रुपवर दर भागाची लिंक आणि हलकी ऑडिओ फाईल.

वीस-पंचवीस भाग झालेत, श्रोता ठरलाय, अशांनी : आवाजासाठी पैसे घेणारं होस्टिंग आणि स्वतःचं डोमेन यांचा विचार करावा. व्हिडिओ यूट्यूबवरच राहू द्या, तो तिथून हलवण्यात फायदा नाही.

शेतकरी कंपनी, बचत गटांचा संघ, शाळा अशा संस्थांनी : चॅनेल एखाद्या पदाधिकाऱ्याच्या खासगी ईमेलवर काढू नये. संस्थेचा ईमेल, ठरावात नोंद, आणि पदाधिकारी बदलले की हक्क बदलायचे. फक्त सभासदांसाठी प्रशिक्षणाचे व्हिडिओ असतील तर ते यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवता येतात. तरीही लिंक ज्याच्या हाती जाईल तो बघू शकतो, हे धरून चाला.

शहापूरच्या उदाहरणातल्या चौघांनी यातली पहिली वाट धरली तर गावातला श्रोता यूट्यूबवर किंवा व्हॉट्सॲपवर भेटेल, घाटकोपरचा श्रोता लोकलमध्ये स्पॉटिफायवर ऐकेल, आणि दोन्ही बाजार उद्या उठले तरी धरणात जमीन गेलेल्या म्हाताऱ्याचं बोलणं हार्डडिस्कवर राहील. प्रेक्षक पुन्हा जमवता येतो. ऐंशी वर्षांच्या माणसाची मुलाखत पुन्हा घ्यायला मिळेलच असं नाही. ज्यांची चॅनेल आधीपासून चालू आहेत त्यांनी निदान एवढं आजच करावं : चॅनेलच्या सेटिंगमध्ये जाऊन मालक म्हणून कोणाचा ईमेल दिसतो ते बघावं, आणि पहिल्या भागापासूनच्या मूळ फाईल कोणाकडे आहेत याची यादी लिहून काढावी.